आज चालतंय, पुढच्या वर्षीचं काय?

मैत्रिणींनो, चार आण्याचं नाणं आठवतंय? 30 जून 2011 ला ते चलनातून गेलं. सरकारनं काही महिने आधीच तसं जाहीर केलं होतं. ज्यांनी मनावर घेतलं त्यांनी नाणी बदलून घेतली. बाकीच्यांची अजून डब्यात खुळखुळतायत!

सॉफ्टवेअरमध्येही असंच असतं बरं का. प्रोग्रामचे तुकडे जोडून त्याचं मोबाइलवर चालणारं अ‍ॅप बनवायला ग्रेडल नावाचं साधन वापरतात. त्याला जास्तीची कामं शिकवायची तर प्लगइन लिहायचं. हे प्लगइन ग्रेडलला ठरलेल्या शब्दांत काम सांगतं. एखादा शब्द बाद करायचा तर ग्रेडल तो एकदम काढत नाही. आधी सूचना देतं, मग पुढच्या एखाद्या मोठ्या आवृत्तीत काढून टाकतं. 'कंपाइल' लिहू नका, 'इम्प्लिमेंटेशन' लिहा, हे 2017 पासून सांगणं चालू होतं. 2021 च्या 7.0 आवृत्तीत 'कंपाइल' गेलंच. मध्ये चांगली चार वर्षं मिळाली होती.

माझ्या मैत्रिणीची सून बाळंतपणानंतर दीड वर्षानं कामावर गेली. बघते तर तिनंच लिहिलेल्या प्लगइनवर सूचना! आपलं शिकलेलं वाया गेलं, असं वाटून बिचारी रडकुंडीला आली. पण तसं काही नव्हतं. ग्रेडल एरवी एका ओळीत मोघम सांगतं. 'वॉर्निंग मोड ऑल' म्हटलं की एकेक जुना शब्द दाखवतं, त्याच्या जागी काय वापरायचं तेही बहुधा सांगतं. तिनं एक शब्द बदलायचा, चाचणी घ्यायची, मगच दुसऱ्याला हात लावायचा, असं केलं. खरी गोम पुढेच होती. काही जण अजून जुनंच ग्रेडल वापरत होते, त्याला नवा शब्द कळेना. मग आधी आवृत्ती बघायची आणि त्याप्रमाणे बोलायचं, हे तिनं प्लगइनलाच शिकवलं. सूचना दिसते प्लगइन वापरणाऱ्याला, निस्तरायचं मात्र लिहिणारीनं!

आठ दिवस गेले. अ‍ॅपमध्ये नवीन काहीच दिसेना. साहेबांनी विचारलं, "मग केलंस काय?" (घरात राबणाऱ्या बाईला हा प्रश्न काही नवा नाही.) तिनं दोन्ही आवृत्त्यांवर पार पडलेल्या चाचण्यांची यादी पुढे ठेवली आणि याच कामासाठी दर महिन्याला अर्धा दिवस मागून घेतला.