माग काढणारा कुत्रा

कुत्र्याचें नाक तीक्ष्ण असतें, हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु माणसाच्या मागावर सोडलेला कुत्रा नेमका कशाचा वास घेत जातो, असें विचारल्यास पुष्कळ वडील माणसेंही निरुत्तर होतील.

आपल्या कातडीचे अतिसूक्ष्म कण अहोरात्र झडत असतात. घाम व त्वचेवरील सूक्ष्म जंतु यांच्या योगानें त्यांना ज्याचा त्याचा विशिष्ट वास येतो. आपण चालूं लागलों कीं हे कण वाटेवर पडत जातात. शिवाय पायांखालीं गवत चिरडतें, माती ढवळली जाते, त्यांचाही वास त्यांत मिसळतो. गार व दमट जागीं असा माग बराच वेळ टिकतो. कडक उन्हांत तो लवकर विरून जातो.

इंग्लंडांतील प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज रोमानिस यांनीं १८८७ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग आजही वाचण्यासारखे आहेत. हे डार्विनचे तरुण स्नेही. त्यांच्यापाशीं सेटर जातीची एक कुत्री होती. त्यांनीं बारा जणांची रांग केली; स्वतः सर्वांपुढें चालले, आणि मागील प्रत्येकानें पुढच्याच्या पावलावरच पाऊल टाकावयाचें, असें ठरलें. दोनशें यार्ड गेल्यावर रोमानिस पांच जणांसह उजवीकडे वळले, उरलेले सहा जण डावीकडे गेले, आणि सर्वजण लपून बसले. मग कुत्रीला मागावर आणलें. ती इतक्या वेगानें धांवली कीं फांट्याच्या पुढें निघून गेली. पण लगेच परतली आणि न घुटमळतां उजवीकडे वळली. धन्याच्या पावलांवर अकरा जणांचीं पावलें पडलीं होतीं, तरी तिचा माग सुटला नाहीं!

पुढें त्यांनीं एका परक्या माणसाशीं बुटांची अदलाबदल केली. आतां मात्र कुत्री त्या परक्याच्या मागें गेली. प्रत्यक्ष धन्याचा माग तिनें घेतला नाहीं. जुन्या बुटांना कागद चिकटवून ते चालले, तेव्हां एका टाचेचा कागद जेथें कणभर झिजला होता, तेथपासून तिनें माग धरला. माझ्या मतें रांगेच्या प्रयोगापेक्षां हे प्रयोग अधिक शिकवून जातात. कुत्रा शोधतो तो वास. तो वास कोण घेऊन गेला, हा प्रश्न निराळा.

पोलिसांच्या कुत्र्यास शिकवितांना प्रथम माणूस थोड्या अंतरावर लपवितात. मग अंतर वाढवितात, माग शिळा होऊं देतात आणि त्यावरून परक्यांच्या वाटा आडव्या नेतात. इतकें करूनही कुत्र्याला साक्षीच्या पिंजऱ्यांत उभें करून त्याची उलटतपासणी घेतां येत नाहीं. या आक्षेपाचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं महाराष्ट्रांतून आलेल्या एका खटल्यांत केला, आणि तेथें त्या पुराव्याला फारसें वजन दिलें नाहीं.

घरांतील मूल हरवल्यास मात्र अशा कुत्र्याचें साह्य बहुमोल होय. त्या वेळीं मुलानें अंगांत घातलेला, न धुतलेला सदरा दुसऱ्या कपड्यांत मिसळूं नये. चिमट्यानें उचलून स्वच्छ पिशवींत ठेवावा. प्रेमानें घडी घालणाऱ्या आजीचा वासही त्यांत उतरतो.