त्रैराशिकाच्या पायऱ्या

गणितांत नापास झालेल्या मुलांच्या उत्तरपत्रिका चाळल्या असतां एक गोष्ट प्रथम दृष्टीस पडते. पुष्कळांस गुणाकार येतो, भागाकारही येतो. कशास गुणावें आणि कशानें भागावें हें मात्र उमगलेलें नसतें. घरीं वडीलमाणसें घाईंत असतात. उदाहरण वाचलें न वाचलें तोंच ‘ह्याला ह्यानें गूण’ असें सांगून तीं मोकळीं होतात. मूल उत्तर उतरवून घेतें आणि पुढील उदाहरणाशीं पुन्हां अडतें. मग त्याच्या माथीं ‘मठ्ठ’ हा शिक्का बसतो. मुलगी असल्यास ‘हिला गणित नकोच’ असा निकालही लागतो!

वास्तविक ह्या उदाहरणांची वाट आपल्याकडे फार पूर्वींच आंखलेली आहे. भास्कराचार्यांनीं ११५० मध्यें रचलेल्या ‘लीलावती’ंत त्रैराशिकाच्या तीन राशी प्रमाण, फल आणि इच्छा ह्या नांवांनीं येतात. आर्यभटाच्या ग्रंथांतही हींच नांवें आहेत.

समजा, ३ किलो तांदुळास १८६ रुपये पडतात, तर ५ किलोंस किती? येथें ३ किलो हें प्रमाण, १८६ रुपये हें फल आणि ५ किलो ही इच्छा. प्रमाण व इच्छा एका जातीचीं. फल निराळ्या जातीचें, आणि उत्तरही त्याच जातीचें. हें मुलाकडून तोंडानें वदवून घ्यावें. त्यानंतर विचारावें, ‘उत्तर १८६ हून अधिक येईल कीं उणें?’ ५ हे ३ हून अधिक, परंतु त्यांच्या दुपटीहून कमी. म्हणजे उत्तर १८६ व ३७२ ह्यांच्या दरम्यान असलें पाहिजे. एवढें ठरल्यावरच पेन्सिल उचलूं द्यावी. फलास इच्छेनें गुणून ९३०, त्यास प्रमाणानें भागून ३१०. एका किलोचा दर ६२ आधीं काढला तरी चालतें, व लहान मुलांस तेंच सोपें वाटतें. परंतु दर १८६ ऐवजीं १८५ असता तर पहिल्याच पायरीवर अपूर्णांक आडवा आला असता. म्हणून आधीं गुणाकार, मागाहून भागाकार.

खरी परीक्षा पुढेंच आहे. ६ गडी एक भिंत १० दिवसांत बांधतात, तर १५ गडी किती दिवसांत बांधतील? सराईत मुलगा झटकन् १० ला १५ नीं गुणून ६ नीं भागतो आणि २५ दिवस लिहितो. आकडेमोड बिनचूक, पण गडी वाढले आणि दिवसही वाढले! वरील प्रश्न आधीं विचारला असता तर हें घडतें ना. इच्छा वाढल्यानें फल घटत असेल तेथें व्यस्त त्रैराशिक लावावें: १० ला ६ नीं गुणून ६०, त्यास १५ नीं भागून ४ दिवस. हे ६० म्हणजे काय, हेंही सांगितलें पाहिजे. एकट्या गड्यास ती भिंत बांधावयास ६० दिवस लागले असते. तेंच काम पंधरा जणांत वांटलें. एवढें कळलें कीं नियम विसरला तरी मूल अडत नाहीं.

ताळा मात्र अवश्य घ्यावा. १५ गडी ४ दिवस, कामाचे दिवस ६०. ६ गडी १० दिवस, तेही ६०. आणि उत्तर चुकलें तर खोडरबर हातीं देऊं नये. चुकलेल्या रीतीवर एक रेघ ओढून शेजारींच दुसरी मांडावयास लावावी, म्हणजे पाऊल कोणत्या पायरीवर घसरलें तें शिकणाऱ्यास व शिकविणाऱ्यास दोघांसही दिसतें.