चरबी जळते कुठे?

माळशिरसच्या ऊसपट्ट्यात गुबगुबीत मूल म्हणजे 'खात्यापित्या घरचं'. पण चरबीचा हिशेब नुसत्या वजनकाट्यावर कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी भरले, पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून. अशा बांध्यावर पुढे वजन चढलं की मधुमेहाचा धोका लवकर गाठतो.

म्हणून मला वजनापेक्षा दम महत्त्वाचा वाटतो. चरबी जळते ती मुख्यतः स्नायूंच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात, प्राणवायूच्या मदतीनं. झपाझप चालताना, सायकल मारताना, बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत धाप लागते, तेव्हा ती चांगली वापरली जाते. वेग फार वाढला की स्नायू साखरेकडे वळतात. सराव नसलेल्या मुलाचं शरीर तिकडे लवकर वळतं. नियमित खेळानं मायटोकॉन्ड्रिया वाढतात आणि इन्सुलिनचं काम सुधारतं, काटा फारसा हलला नाही तरीही. घामावर जाऊ नका, जळलेली बहुतेक चरबी श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. गुरुजी, बाई, खेळाचा तास गणिताला देऊ नका.