प्रकाशाने विषाणू मारता येतात, मग थॅलेसेमियाच्या मुलांना त्याचा उपयोग का नाही?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात रंग-रसायनं कुणाला नवीन नाहीत. म्हणून सुरुवात एका रंगापासून करू. मेथिलीन ब्लू हा निळा रंग 1876 साली जर्मनीत हाइनरिश कारो यांनी तयार केला. आज काही देशांतल्या रक्तपेढ्या दात्याच्या प्लाझ्मातले विषाणू निकामी करायला तोच वापरतात.

हे होतं कसं? रंगाचा रेणू विषाणूच्या जनुकीय साखळीला चिकटतो. अंधारात तो फारसं काही करत नाही. प्रकाश पडला की ऊर्जा शोषतो आणि जवळच्या ऑक्सिजनला देतो. हा खवळलेला ऑक्सिजन साखळीची मोडतोड करतो. मग विषाणूला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत. काम झालं की रंग गाळून काढतात.

दुसरं उदाहरण आपल्या बावचीचं. कोडावर बावची लावून ऊन घ्यायचं, हा आयुर्वेदातला जुना उपाय. (स्वतःच्या मनाने करू नका, कातडी भाजते.) बावचीतलं सोरालेन डीएनएच्या शिडीत शिरतं आणि अतिनील प्रकाश पडला की दोन्ही बाजू एकमेकींना टाचून टाकतं. इथे ऑक्सिजनची गरज नाही. सोरालेनचा प्रयोगशाळेत बनवलेला भाऊ म्हणजे अमोटोसालेन. तो प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी वापरतात. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, त्यामुळे तिचं काम चालू राहतं.

आता आपल्या गावाचा प्रश्न. उल्हासनगर 1949 साली फाळणीतल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलं. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण जास्त आहे. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, तेही जन्मभर. म्हणजे दूषित रक्ताचा धोका सर्वांत जास्त त्यालाच.

पण त्याला प्लाझ्मा नको असतो, तांबड्या पेशी हव्या असतात. नेमकी इथेच अडचण येते. त्या पेशींतलं हिमोग्लोबिन बराचसा प्रकाश स्वतःच गिळतं. पिशवीत आतवर उजेड पोचत नाही, आणि प्रकाश-रंगाच्या या माऱ्यात पेशींच्या आवरणालाही इजा होऊ शकते.

म्हणून या मुलांची खरी ढाल आजही तपासणीच आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी प्रत्येक पिशवीची व्हायलाच हवी. संसर्ग नुकताच झाला असेल तर नेहमीची चाचणी तो चुकवू शकते; नॅट चाचणी तो लवकर पकडते. रक्तपेढीत विचारा, ‘नॅट होते का?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच नको.

आणि लग्नाआधी एचबीए-टू ही रक्ततपासणी करून घ्या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. हे आधी कळलं तर डॉक्टरांचा सल्ला वेळेत घेता येतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.