विश्लेषण : ऑस्ट्रेलियाच्या मातीत तिथलेच झाड का दगावते?

पाणी कमी लागते, पक्षी येतात, म्हणून ऑस्ट्रेलियात अनेक जण घराच्या बागेत देशी झाडे लावतात. तरीही काही रोपे लवकरच वाळतात. असे का होते?

खत घातक कसे?
तेथील बऱ्याच जमिनीत फॉस्फरस अत्यल्प असतो. बँक्सिया, ग्रेव्हिलिया यांची झुबकेदार मुळे तोच तुटपुंजा साठा शोषून घेतात. त्यांना नेहमीचे खत किंवा कोंबडीखत घातले, तर फॉस्फरस जास्त होऊन पाने करपतात, झाडही मरू शकते. त्यांच्यासाठी कमी फॉस्फरसचे खत वेगळे मिळते.

'देशी' म्हणजे कुठले?
पर्थकडच्या अनेक जाती कोरड्या उन्हाळ्याला सरावलेल्या आहेत. सिडनीच्या दमट उन्हाळ्यात त्यांची मुळे कुजतात. याउलट न्यू साउथ वेल्समधील कुटामंड्रा वॉटल ही बाभळीच्या कुळातील जात मूळ परिसराबाहेर तणासारखी फोफावली आहे.

निवड कशी करावी?
आपल्याच परिसरातील रानात आपोआप वाढणाऱ्या जाती स्थानिक रोपवाटिकेतून घ्याव्यात. पूर्ण वाढीची उंची आधी विचारावी. तेथील बहुतेक भागांत मार्च ते मे हा लागवडीस चांगला काळ. उन्हाळ्यापूर्वी मुळे धरतात.