९६९ वर्षांचा मथुशलह बुडाला की वाचला?

हिब्रू धर्मग्रंथातला सर्वांत दीर्घायुषी माणूस म्हणजे नोहाचा आजोबा मथुशलह. वय ९६९ वर्षं! एवढं अनेकांनी ऐकलेलं असतं. पण कागद-पेन्सिल घेऊन त्यातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा पाचवा अध्याय मांडायला बसा, खरी मौज तिथून सुरू होते. या अध्यायात बहुतेक प्रत्येक पूर्वजाचे तीन आकडे आहेत: मुलगा झाला तेव्हाचं वय, पुढे जगलेली वर्षं आणि एकूण आयुष्य. आदामपासून बेरीज करत गेलं की मथुशलहचा जन्म येतो सृष्टीच्या ६८७व्या वर्षी आणि मृत्यू १६५६व्या वर्षी. नोहाला ६००वं वर्ष लागलं तेव्हा जलप्रलय आला. ते वर्ष कोणतं? तेही १६५६! ग्रंथात हे कुठेच लिहिलेलं नाही, बेरीज करणाऱ्यालाच ते सापडतं. मग आजोबा बुडाले की आधीच गेले? यहुदी परंपरा म्हणते, आधीच गेले. शिवाय त्यांच्या सुतकाचे सात दिवस पुरे होईपर्यंत देवाने पाऊस रोखून धरला.

पुरातही न बुडालेला म्हातारा

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात तोरेचं, म्हणजे या ग्रंथातल्या पहिल्या पाच पुस्तकांचं, ग्रीक भाषांतर झालं. तेच पुढे सेप्टुआजिंट म्हणून ओळखलं गेलं. त्यात सुरुवातीच्या पूर्वजांना मुलगा होतानाचं वय चक्क शंभर वर्षांनी वाढवलेलं आहे: आदाम १३० ऐवजी २३०, शेथ १०५ ऐवजी २०५. त्याच्या काही प्रतींनुसार जलप्रलय येतो २२४२ साली आणि मथुशलह मरतो २२५६ साली. म्हणजे पूर ओसरल्यावरही तो १४ वर्षं जगला! पण नोहाच्या जहाजात, म्हणजे तारवात, तर तो स्वतः, त्याची बायको, तीन मुलगे आणि तीन सुना एवढीच आठ माणसं होती. हा घोळ जेरोम आणि ऑगस्टीन या चौथ्या-पाचव्या शतकातल्या विद्वानांच्या लक्षात आला होता, त्यांनी त्यावर लिहिलंही. ऑगस्टीनने अखेर मूळ हिब्रू आकड्यांच्या बाजूने कौल दिला.

शोमरोनी, म्हणजे समारिटन लोकांची तोरा आणखी वेगळी. तिच्यात पूर १३०७ साली येतो आणि मथुशलहचा आजोबा यारेद, स्वतः मथुशलह आणि त्याचा मुलगा लामेख या तिघांचंही आयुष्य त्याच वर्षी संपतं. मथुशलह ७२०, लामेख ६५३. तीन पिढ्या, तीन वेगवेगळी वयं आणि मरणाचं साल एकच! हा योगायोग मानणं मला तरी जमत नाही. कुणीतरी बसून, वजाबाक्या करून, एकही म्हातारा पुरापलीकडे जाऊ नये अशी बांधेसूद मांडणी केलेली दिसते. जुन्या लेखनिकांना गणित येत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर त्याला हा अध्याय वाचायला द्यावा.

एक पुस्तक, तीन वाढदिवस

हे शंभर-शंभर वर्षांचे फरक नुसते कागदावर राहिले नाहीत. हिब्रू आकडे धरून यहुदी पंचांगाचा आरंभ येतो इसवी सनपूर्व ३७६१ साली, आणि यहुदी समाज आजही त्याच हिशेबाने वर्षं मोजतो. ग्रीक आकड्यांवर विसंबलेल्या बायझंटाइन साम्राज्याने सृष्टीचा आरंभ ५५०९ साली धरला. आयर्लंडमधले आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली छापलेल्या ग्रंथात साल दिलं ४००४, तेही तारखेसकट: २३ ऑक्टोबरच्या आदली संध्याकाळ. पुढे कितीतरी इंग्रजी बायबलांच्या समासात अशर यांची सालं छापली गेली आणि लोक ती मूळ ग्रंथाचाच भाग समजू लागले.

वर्ष म्हणजे महिना?

ही शंका हमखास निघते. ९६९ महिने म्हणजे साधारण ८० वर्षं, किती छान जमतं! पण मग मथुशलहच्या बापाला, हनोखला, मुलगा झाला तो ६५व्या ‘महिन्यात’, म्हणजे साडेपाच वर्षांचा असताना. याच यादीतल्या महललेलचंही तेच. दहाने भागून बघा, तर केनान सातव्या वर्षी बाप होतो. आणि पुराच्या गोष्टीत सातवा महिना, दहावा महिना, दुसऱ्या महिन्याचा २७वा दिवस असे स्पष्ट उल्लेख आहेत, म्हणजे वर्ष बारा महिन्यांचंच. हा युक्तिवाद ऑगस्टीनने दीड हजार वर्षांपूर्वीच केला होता!

पहिल्या शतकातल्या जोसेफस या यहुदी इतिहासकाराचं उत्तर मला फार आवडतं. तो म्हणतो, या मंडळींना खगोलशास्त्र आणि भूमिती शिकायची होती. आकाशातलं ‘महावर्ष’ ६०० वर्षांचं, तेवढं जगल्याशिवाय भाकीत खरं की खोटं हे कळणार कसं? अभ्यास पुरा व्हावा म्हणून देवाने आयुष्य वाढवून दिलं, ही कल्पनाच किती सुंदर आहे.

शेजारच्या राजांपुढे मथुशलह पोरसवदा

सुमेरच्या राजांची यादी मातीच्या इष्टिकांवर कोरलेली सापडली आहे. तिची सर्वांत प्रसिद्ध प्रत ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे. तिच्यात पहिला राजा अलुलिम २८,८०० वर्षं राज्य करतो! पुराआधीचे आठ राजे मिळून २,४१,२०० वर्षं. पूर आल्यावर मात्र आकडे झपाट्याने खाली येतात, अगदी ‘उत्पत्ती’तल्यासारखेच. पुढे बेरोसस या बाबिलोनी पुरोहिताने ग्रीकांसाठी हा इतिहास लिहिला. त्यात पुराआधीचे राजे दहा, जसे आदाम ते नोहा दहा. त्या दहांची एकूण वर्षं? ४,३२,०००. आपल्याकडे पंचांग बघणाऱ्याला हा आकडा लगेच ओळखू येईल, कलियुगाचा कालावधीही तेवढाच. यातून कुणी कुणाकडून घेतलं असा निकाल लावायची घाई नको. पण साठच्या पाढ्यात काळ मोजायची सवय दोन्हीकडे होती, एवढं नक्की.

शेवटचा अंक बघा

आदामपासून नोहापर्यंत हिब्रू प्रतीतल्या साऱ्या वयांचे शेवटचे अंक तपासा. ०, २, ५ किंवा ७ याखेरीज काही मिळत नाही. अपवाद एकच, मथुशलहचे ९६९. खऱ्याखुऱ्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत १, ३, ४, ६, ८ असे कसे गायब होतील? उंबेर्तो कासुतो या इटलीत जन्मलेल्या अभ्यासकाने विसाव्या शतकात याची फोड केली: पाचाच्या पटीतला आकडा आणि त्यात कधी सात मिळवलेले. पाच वर्षं म्हणजे ६० महिने, आणि सात हा पवित्र अंक. मथुशलहच्या वाट्याला सात दोनदा आले, ९५५ अधिक १४!

हनोख ३६५ वर्षं जगला, सूर्याच्या वर्षात दिवस असतात तितकी. लामेख ७७७. आणि बाप, मुलगा, नातू ही त्रयी बघा: अब्राहाम १७५, म्हणजे ७ गुणिले ५ गुणिले ५. इसहाक १८०, म्हणजे ५ गुणिले ६ गुणिले ६. याकोब १४७, म्हणजे ३ गुणिले ७ गुणिले ७. पहिला गुणक सात, पाच, तीन असा उतरतो आणि वर्ग होणारा आकडा पाच, सहा, सात असा चढतो. पुढचा योसेफ ११०, म्हणजे पाच, सहा आणि सात यांच्या वर्गांची बेरीज! शिवाय ११० हे प्राचीन इजिप्तमध्ये आदर्श आयुष्य मानलं जाई आणि योसेफ इजिप्तमध्येच वारला. मला वाटतं, ही वयं सांगणाऱ्याला जन्मदाखला द्यायचाच नव्हता. या माणसांची आयुष्यं आखीव होती, देवाच्या हिशेबातली होती, हे त्याला सांगायचं होतं, आणि ते त्याने आकड्यांतून सांगितलं.

सगळ्यांत दुर्मीळ वय मात्र साराचं. १२७ वर्षं. मरणसमयीचं वय दिलेली हिब्रू ग्रंथातली ती एकमेव स्त्री. साऱ्या वंशावळी पुरुषांच्या, आयांची नावं बहुतेक ठिकाणी गाळलेली, म्हणून हा एक आकडा मला मथुशलहच्या ९६९ पेक्षा मोलाचा वाटतो.

गाळलेल्या पिढ्या आणि बापाहून थोरला मुलगा

नावंही कमी-जास्त होतात. एज्रा हा यहुदी शास्त्री स्वतःची वंशावळ सांगतो तेव्हा ‘इतिहास’ या पुस्तकातल्या यादीशी ताडून पाहिल्यास मधली सहा नावं नाहीतच. लेवीपासून मोशे चौथा, पण योसेफपासून त्याच काळातल्या यहोशवापर्यंत पिढ्या कितीतरी जास्त. घराणं दाखवायचं असलं की मधल्या पायऱ्या सोडायची त्या काळी मुभा होती. म्हणूनच विल्यम हेन्री ग्रीन या अमेरिकन धर्मपंडितांनी १८९० साली मांडलं, की या याद्यांची बेरीज करून सृष्टीचं वय काढूच नये. ते स्वतः निष्ठावंत श्रद्धाळू होते, हे विशेष.

राजांच्या काळात वयं माणसांसारखी होतात. दावीद ३०व्या वर्षी राजा झाला, ४० वर्षं राज्य केलं, ७०व्या वर्षी गेला. त्याच्या गादीवरच्या ज्या राजांची वयं कळतात, त्यांत एवढं कुणीच जगलं नाही. अडचणी इथेही आहेत. आहाज ३६व्या वर्षी वारला आणि मुलगा हिज्कीया २५व्या वर्षी गादीवर आला, म्हणजे बाप ११ वर्षांचा असताना जन्मला! यहोराम ४०व्या वर्षी गेला आणि ‘इतिहास’ म्हणतो, लगेच राजा झालेला त्याचा मुलगा ४२ वर्षांचा होता. ‘राजे’ या पुस्तकात तोच मुलगा २२ वर्षांचा आहे. नक्कल करणाऱ्याचा हात इथे घसरला, यावर बहुतेकांचं एकमत आहे.

सात जणांत सारा इतिहास

हिब्रू आकड्यांनुसार नोहाचा मुलगा शेम ६०० वर्षं जगला आणि नऊ पिढ्यांनंतरच्या अब्राहामाच्याही मागे ३५ वर्षं उरला. शेम गेला तेव्हा याकोब पन्नाशीचा होता. यावरून तालमुद या यहुदी ग्रंथात एक अफलातून साखळी जोडली आहे: मथुशलहने आदामला पाहिलं, शेमने मथुशलहला, याकोबने शेमला, अम्रामने याकोबला, शिलोच्या अहीयाने अम्रामला आणि एलीया संदेष्ट्याने अहीयाला. जगाच्या आरंभापासूनची आठवण अवघ्या सात माणसांत! आणि एलीया तर मेलेलाच नाही. अग्निरथातून तो वर गेला, म्हणून त्याच्या आयुष्याचा आकडाच नाही.

या सातव्या माणसाचं आपल्या कोकणाशी घट्ट नातं आहे. रायगडातले बेने इस्राएल, म्हणजे पेणकर, नवगावकर, केहीमकर अशी गावांची आडनावं लावणारा मराठी यहुदी समाज, एलीयाला एलियाहू हनाबी म्हणतो. लग्नाआधी, नव्या घरात जाताना किंवा नवस फेडताना त्याच्या नावाने पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा ठेवतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी या समाजाची श्रद्धा आहे, आणि लोक आजही तिथे नवस बोलायला जातात.