गार पाण्याने पोटातल्या बाळाला सर्दी होत नाही

गरोदर बाईने माठाकडे हात नेला की घरातून एक तरी आवाज येतोच : "अगं, गार नको पिऊस, बाळाला सर्दी होईल." सासूबाई म्हणतात, आई म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात आणि आता मोबाइलवर फिरणारे व्हिडिओसुद्धा तेच म्हणतात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकलेला असतो, बाईला सातवा-आठवा महिना चालू असतो आणि तिला दिवसभर कोमट पाण्यावर ठेवलं जातं. यामागची माया खरी आहे, पण समजूत साफ चुकीची आहे. आणि ती निरुपद्रवीही नाही.

आधी ते पाणी जातं कुठे ते पाहू. दहा अंशांचं पेलाभर, म्हणजे पाव लिटर पाणी घशाखाली उतरताच कोमट होऊ लागतं. ते शरीराच्या 37 अंशांपर्यंत आणायला जेमतेम सात किलोकॅलरी उष्णता लागते. एका साध्या बिस्किटातून याहून जास्त मिळते. हे पाणी जातं जठरात. बाळ असतं गर्भाशयात, आणि या दोन अवयवांमध्ये कुठलीही वाट नाही. बाळापर्यंत जे काही पोचतं ते वारेतून आणि नाळेतून, रक्तावाटे. आणि आईच्या रक्ताचं तापमान पेलाभर पाण्याने ढळत नाही.

उलट, बाळ आईपेक्षा साधारण अर्धा अंश जास्तच उबदार असतं. त्याचं शरीर स्वतः उष्णता तयार करतं आणि ती बाहेर टाकायला त्याला मुख्यतः आईच्या रक्ताचाच आधार असतो. म्हणजे पोटातल्या बाळाला धोका असलाच तर तो आईचं अंग फार तापण्याचा आहे. 2020 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. हवेचं तापमान दर एक अंशाने वाढलं की मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी वाढते आणि उष्णतेच्या लाटेत ती 16 टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. आपण मात्र तिच्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतो.

आता सर्दीचं बघू. सर्दी होते विषाणूंमुळे, आणि ते नाका-डोळ्यांवाटे शिरतात. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ 1946 साली सर्दीच्या संशोधनासाठी खास केंद्र सुरू झालं. तिथे डॉ. ख्रिस्तोफर अँड्र्यूज यांच्या पथकाने स्वयंसेवकांना गरम पाण्याने आंघोळ करायला लावून ओल्या अंगाने वाऱ्याच्या बोळात उभं केलं, वर ओले मोजे घालायला लावले. नुसत्या गारठ्याने त्यांना सर्दी झाली नाही. पुढे 2005 साली कार्डिफमध्ये पाय गार पाण्यात बुडवून बसलेल्या 90 जणांपैकी 13 जणांनी नंतरच्या चार-पाच दिवसांत सर्दी झाल्याचं सांगितलं. तसं न केलेल्या 90 जणांत हा आकडा 5 होता. गारठ्यामुळे नाकात आधीच असलेल्या विषाणूचं फावत असावं, असा संशोधकांचा कयास होता. तोही खरा धरला तरी सर्दी होईल ती आईला. पोटातलं बाळ हवेत श्वासच घेत नाही. त्याला सर्दी व्हायची कुठून?

मग ही समजूत इतकी चिवट का? कारण जन्मल्यावर बाळ शिंकतं, त्याचं नाक सूं-सूं वाजतं. नवजात बाळाच्या नाकपुड्या अगदी अरुंद असतात आणि शिंकून त्या साफ करणं ही त्याची नेहमीची क्रिया आहे. काही बाळांच्या, विशेषतः सिझेरियनने जन्मलेल्या बाळांच्या, फुप्फुसांत गर्भावस्थेतला द्रव थोडा वेळ रेंगाळतो, श्वास भरभर चालतो आणि त्यांना एक-दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागतं. 'छातीत पाणी आहे' एवढं बाहेर कळलं की नातेवाईक निकाल देऊन मोकळे : "तरी सांगत होतो, फ्रिजचं पाणी पिऊ नकोस." टाके ओले असलेल्या बाईच्या माथी हा दोष मारला जातो आणि ती तो खरा मानते. हा सरळ अन्याय आहे.

गारव्याची भीती फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. चीनमध्ये बाळंतीण महिनाभर वाऱ्यापासून, गार पाण्यापासून दूर राहते. व्हिएतनाममध्ये बाजेखाली कोळशाचे निखारे ठेवण्याची रीत होती, आपल्या शेगडीसारखीच. मेक्सिकोत चाळीस दिवस 'थंड' पदार्थ वर्ज्य मानतात. जपानमध्ये पाचव्या महिन्यात पोटाला पट्टा बांधतात, तो सुखरूप बाळंतपणासाठी आणि पोट उबदार राहावं म्हणूनही. हातपाय गार पडण्याची तक्रार असलेल्या गरोदर बायकांत अवघड प्रसूतींचं प्रमाण जास्त दिसलं, असं तिथल्या संशोधकांनी नोंदवलं आहे. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असं ठरत नाही. याउलट अमेरिकेतल्या रुग्णालयांत कळा देणाऱ्या बाईला चघळायला बर्फाचे तुकडे देतात आणि उत्तर युरोपात तान्ही बाळं हिवाळ्यात नीट गुंडाळून बाबागाडीत उघड्या हवेत झोपवतात. गार पाण्याने गर्भाला सर्दी होत असती तर तिथलं प्रत्येक बाळ नाक गळतच जन्माला आलं असतं.

या सगळ्या गदारोळात एक महत्त्वाची गोष्ट हातची सुटते. गरोदरपणी चयापचय वाढतो, रक्ताचं प्रमाण 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, त्वचेकडे रक्त जास्त वाहतं. त्यामुळे बहुतेकींना उकडतं. अशा वेळी एखादीला सारखी थंडी वाजत असेल, तर शाल देऊन थांबू नका. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग, मलेरिया यांसारखा ताप यांची तपासणी करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, म्हणजे त्यांचं हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली होतं. सारखा बर्फ चघळावासा वाटणं हेसुद्धा लोहाच्या कमतरतेचं ओळखीचं लक्षण आहे. माती, खडू खावासा वाटतो त्याच जातीचं. त्याला डोहाळे म्हणून हसण्यावारी नेलं किंवा 'गार खाऊ नको' म्हणून दटावलं, की खरा आजार तसाच राहतो.

उरलेले गैरसमज थोडक्यात :

पंखा, एसी नको. सोसवेल इतका गारवा गरोदर बाईला आणि बाळाला चांगलाच.

आइस्क्रीमने बाळाला कफ होतो. होत नाही. मधुमेह असेल तर साखरेचा विचार करा, गारव्याचा नको.

दही, केळं, नारळपाणी थंड, म्हणून वर्ज्य. तिन्ही पौष्टिक आहेत. नारळपाणी आणि केळं फक्त मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून.

बर्फाचा गोळा चालतो, गारच तर आहे. हा उलट्या बाजूचा गैरसमज. बर्फ कुठल्या पाण्याचा हे माहीत नसतं. दूषित पाण्यातून येणारी 'ई' प्रकारची कावीळ शेवटच्या तिमाहीत झाली, तर पाचापैकी एक बाई दगावू शकते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इचलकरंजीने 2012 साली काविळीची साथ भोगली आहे. पाणी गार की कोमट हा प्रश्नच नाही, ते शुद्ध हवं.

पाय गार पडले तर मुलगा. लिंग गर्भधारणेच्या क्षणी ठरतं. पायांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

बाळंतिणीची खोली बंद हवी, बाजेखाली शेगडी हवी. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि तो जीव घेतो. चीनच्या प्रसूतिशास्त्रात तर 'बाळंतिणीचा उष्माघात' असा वेगळा आजारच नोंदलेला आहे.

बाळ जन्मल्याबरोबर न्हाऊ घालावं. गारठा खरोखर बाधतो तो इथे. नवजात बाळाचं अंग फार लवकर थंड पडतं. जन्मल्याबरोबर त्याला कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावं आणि आंघोळ किमान 24 तास लांबवावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. सूनबाईला तहान लागली तर उकळून गार केलेलं माठाचं पाणी तुम्हीच पुढे करा. तिला थंडी वाजतेय म्हणाली तर हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि लोहाच्या गोळ्या रोज घेतल्या जातात ना, ते पाहा. आणि बाळ शिंकलं तर आईला बोल लावू नका.